कर्ज घरावर, सूचना नावावर

घर तारण ठेवून घेतलेले कर्ज थकले, तर त्या घराचा ताबा घेण्याआधी कोणाला सांगणे भाग आहे? कायद्याच्या पुस्तकात हा प्रश्न प्रक्रियेच्या प्रकरणात येतो. त्याचे मूळ मात्र धर्मविचारात आहे. ज्याने गहाणखतावर सही केली त्याला सांगावे, याबद्दल वाद नाही. पण घरात सही करणारा एकटाच राहत नाही. त्याची म्हातारी आई असते, बायको असते, शाळेत जाणारी मुले असतात, पुढच्या खोलीत भाडेकरू असतो. यांच्यापैकी कोणी बँकेचा रुपया हातात घेतलेला नसतो, आणि बाहेर पडण्याची वेळ येते तेव्हा सगळ्यांनाच पडावे लागते. ज्याचे देणे नाही पण ज्याचे छप्पर जाणार आहे, त्याला आगाऊ सांगण्याचे बंधन धनकोवर आहे काय, आणि असल्यास ते कशातून येते?

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे त्याचे सहा तालुके. पश्चिम विदर्भाच्या या पट्ट्यात कर्ज म्हटले की पीककर्ज आणि सातबाऱ्यावरचा बोजा एवढेच डोळ्यांपुढे येते. शेताबद्दल कायदा खरोखरच हळवा आहे: थकीत कर्जाच्या वसुलीसाठी बँकांना न्यायालयाबाहेर ताब्याचा अधिकार देणारा २००२ चा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू होत नाही; कलम ३१ ने ती वगळली आहे. गावठाणातल्या घराला ही सूट नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० ने तर पूर्वीपासून जप्तीला मर्यादा घातली आहे. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्माचारानुसार स्त्रीने अंगावरून उतरवू नयेत असे दागिने, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे आणि बियाणे यांना हात लावता येत नाही. शेतकरी, मजूर किंवा घरगडी स्वतः राहत असलेले त्याचे घरही त्या यादीत आहे. सरफेसी कायदा ही यादी मान्य करतो, पण एक वाक्य जोडून: जी मालमत्ता त्याच कर्जासाठी खास तारण दिलेली आहे ती सोडून. म्हणजे शेतकऱ्याचे घर सावकाराच्या साध्या हुकूमनाम्यापासून वाचते, आणि गृहकर्जाच्या गहाणखतावर सही होताच ते संरक्षण गळून पडते. सही एकाची असते. संरक्षण सगळ्या घराचे गेलेले असते.

सूचनांचा क्रम असा आहे. हप्ते नव्वद दिवसांहून अधिक थकून खाते अनुत्पादक ठरले की बँक कलम १३(२) खाली मागणी नोटीस देते आणि साठ दिवसांची मुदत देते. कर्जदाराने हरकत घेतली, तर बँकेने पंधरा दिवसांत सकारण उत्तर द्यायचे असते. हे उत्तराचे बंधन मूळ कायद्यात नव्हते. २००४ साली मार्डिया केमिकल्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हरकतींचा विचार करून कारणे कळवलीच पाहिजेत असे म्हटल्यावर संसदेने ते घातले. मुदत संपली की ताबा सूचना निघते. ती कर्जदाराला द्यायची, घराच्या बाहेरच्या दारावर किंवा ठळक जागी चिकटवायची आणि सात दिवसांत दोन प्रमुख वृत्तपत्रांत छापायची. त्यांतले एक स्थानिक भाषेतले हवे. विक्रीआधी पुन्हा तीस दिवसांची सूचना. प्रत्यक्ष ताब्यासाठी मदत लागली तर बँक कलम १४ खाली जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करते. दाद मागायची तर पंचेचाळीस दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे, म्हणजे वाशीमकरांसाठी नागपूरला जावे लागते. अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. पतसंस्थांना सरफेसीचा मार्ग नाही. त्या सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला मिळवतात, आणि त्यांच्या वसुली अधिकाऱ्याने केलेल्या लिलावाची दवंडी आजही नियमांत आहे. सहकारी बँकांचे काय, हा वाद मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणातून घटनापीठापर्यंत गेला आणि ५ मे २०२० रोजी त्यांनाही सरफेसी लागू असल्याचे ठरले.

या साऱ्या सूचनांचा पत्ता एकच असतो: कर्जदार, आणि त्याच्यासोबत जामीनदार. घरात राहणाऱ्या इतरांसाठी वेगळी ओळ नाही. वृत्तपत्रातल्या ताबा सूचनेत कर्जदाराला उद्देशून आणि मग सर्वसामान्य जनतेला उद्देशून इशारा असतो की या मालमत्तेचा व्यवहार करू नये. त्या घरातली सून किंवा भाडेकरू यांना आपले घर जात असल्याचे कळते ते या सर्वसामान्य जनतेपैकी एक म्हणून. रस्त्याने जाणाऱ्या माणसाला जेवढे सांगितले तेवढेच त्यांनाही.

धर्मशास्त्राने हा विषय दुय्यम मानला नव्हता. मनूने व्यवहाराची जी अठरा पदे सांगितली त्यांत पहिले पद ऋणादानाचे आहे. याज्ञवल्क्य स्मृतीनुसार कर्ज दुप्पट होईपर्यंत गहाण सोडवले नाही तर ते धनकोचे होते. ज्या गहाणाचा उपभोग धनको घेत असतो ते मात्र बुडत नाही, मुद्दल आले की परत द्यावे लागते. बाराव्या शतकाच्या आगेमागे कल्याणीच्या चालुक्य दरबारात विज्ञानेश्वराने याच स्मृतीवर मिताक्षरा लिहिली आणि या नियमाशी बृहस्पतीचे वचन जोडले: रक्कम दुप्पट झाली, मुदत भरली, तरी धनकोने आणखी दोन आठवडे वाट पाहावी, आणि त्या अवधीत पैसे दिले तर ऋणकोला गहाण परत मिळावे. हक्क पूर्ण झाल्यावरही चौदा दिवस थांबायचे, ही कल्पना आजच्या साठ दिवसांची सख्खी पूर्वज आहे. ऋणको गैरहजर असेल तर गहाण साक्षीदारांसमक्ष विकावे, असेही याज्ञवल्क्य सांगतो. ज्याला सांगायचे तो सापडत नसला तरी सांगण्याचे काम संपत नाही, फक्त ऐकणारा बदलतो, असा त्याचा अर्थ.

कर्ज कोणाला चिकटते याबद्दलही स्मृतींचे मत स्पष्ट होते. ते वंशाला चिकटते. मुलाने बापाचे देणे व्याजासह फेडावे, नातवाने फक्त मुद्दल द्यावे, पणतू मोकळा. दारू, जुगार, विषयभोग यांपायी झालेले देणे मात्र मुलावर येत नाही. पत्नी सामान्यतः पतीच्या देण्याला बांधील नाही. तिने स्वतः कबूल केले, पतीसोबत मिळून घेतले किंवा स्वतः घेतले तरच ती बांधील. यामागे ऋण हे पारलौकिक ओझे आहे ही श्रद्धा होती. देव, ऋषी आणि पितर यांची तीन ऋणे घेऊनच ब्राह्मण जन्मतो, असे तैत्तिरीय संहिता सांगते. सावकाराचे देणे याच वळणाने विचारात आले आणि बापाचे न फेडलेले कर्ज त्याच्या सद्गतीचा प्रश्न झाले, आणि ते फेडणे हा मुलाचा धर्म. इंग्रजी अमदानीतील न्यायालयांनी हे पुत्रधर्माचे बंधन कायदा म्हणून राबवले. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील दुरुस्तीने ९ सप्टेंबर २००५ पासून होणाऱ्या कर्जांपुरते ते संपवले: केवळ मुलगा, नातू वा पणतू आहे म्हणून कोणावर वडिलांच्या देण्यासाठी कारवाई करता येत नाही.

इथे एक विचित्र अदलाबदल झाली आहे, आणि या प्रश्नाचा सारा गुंता तिच्यात आहे. जुन्या व्यवस्थेत देणे माणसांवर होते. म्हणून मुलाला ते कळणे ओघानेच आले, कारण त्याला फेडायचे होते. आता मुलगा देण्यातून मुक्त आहे, पण गहाणखताने देणे भिंतींवर बसले आहे आणि त्या भिंतींच्या आत तो राहतो. कर्जाचे ओझे व्यक्तीवरून वास्तूवर आले; सूचना मात्र अजून व्यक्तीच्या नावाने निघते. ओझे जिथे गेले तिथे सांगण्याचे कर्तव्यही जायला हवे होते. ते मागे राहिले.

मराठेशाहीच्या काळात धनको धरणे धरून बसे. दारात ठाण मांडायचे, अन्न वर्ज्य करायचे, आणि ऋणकोनेही नीतीने जेवायचे नाही. वसुलीच्या पाच उपायांत मनूने आचरित म्हणून जो उपाय सांगितला त्याचा अर्थ टीकाकारांनी असाच लावला आहे. हा प्रकार क्रूर होता, बसणारा ब्राह्मण असेल तर त्यात ब्रह्महत्येची धमकी दडलेली असे, आणि दंडसंहितेने पुढे तो गुन्हा ठरवला ते योग्यच झाले. पण त्याचा एक परिणाम विसरू नये: उंबऱ्यावर माणूस उपाशी बसल्यावर घरातल्या कोणालाही काही ठाऊक नाही असे होणे शक्य नव्हते. न्यायालये आली, कागद आला, आणि घरच्यांना न कळता घर जाण्याची सोय झाली. १८७५ च्या मे महिन्यात सुप्यापासून पेटलेल्या दख्खनच्या दंग्यांनंतर नेमलेल्या आयोगापुढे एकतर्फी हुकूमनाम्यांची तक्रार ठळकपणे आली: समन्स बजावल्याची नोंद होते, शेतकऱ्याला पत्ता नसतो, जमीन जाते. १८७९ च्या दख्खन शेतकरी संरक्षण कायद्याने प्रतिवादीला हजर करून विचारण्यावर भर दिला तो यामुळेच.

सूचना का द्यायची, याची दोन उत्तरे संभवतात. एक उपयोगाचे: सांगितले तर समोरचा पैसे जमवील, चूक दाखवील, निदान दुसरी जागा शोधील. दुसरे उत्तर उपयोगापलीकडचे आहे: ज्याच्या आयुष्यात मोठा फेरफार होणार आहे त्याला तो आधी सांगणे हे त्याला माणूस मानण्यातच अंतर्भूत आहे, मग सांगून काही बदलो वा न बदलो. या दोन्हींचा सगळ्यात स्पष्ट विचार मुंबईच्या फुटपाथवासीयांच्या प्रकरणात झाला. ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका या खटल्याचा निकाल १० जुलै १९८५ रोजी लागला. सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखाली पाच न्यायाधीशांचे पीठ होते. पालिकेच्या १८८८ च्या कायद्यात अतिक्रमण सूचनेशिवाय हटवण्याची मुभा होती, आणि फुटपाथवर राहणाऱ्यांकडे सांगण्याजोगा बचाव काय असणार, असा पालिकेचा सवाल होता. न्यायालयाने तो मानला नाही. ऐकून घेण्याला परिणामाच्या दृष्टीने मोल आहे तसेच स्वतःचे असेही मोल आहे, आणि सूचनेशिवाय हटवण्याची मुभा हा अपवाद आहे, रीत नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. तरीही फुटपाथवर राहण्याचा हक्क त्याने दिला नाही. पावसाळा सरून एक महिना होईपर्यंत, ३१ ऑक्टोबरपर्यंत, हटवू नये एवढेच सांगितले. या निकालावर पुष्कळांनी हातचे राखल्याचा आरोप केला आहे. घराच्या ताब्याच्या प्रश्नासाठी मात्र नेमकी हीच गोष्ट मोलाची ठरते. सूचना मिळण्याचा हक्क आणि राहण्याचा हक्क या दोन गोष्टी आहेत, आणि दुसरा नसला म्हणून पहिला जात नाही.

बँकांच्या बाबतीत न्यायालये इतक्या सरळ रेषेत चाललेली नाहीत. हर्षद सोंडागर प्रकरणात ३ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की वैध भाडेपट्टा असलेल्या भाडेकरूला दंडाधिकाऱ्याने नोटीस देऊन ऐकल्याशिवाय बाहेर काढता येणार नाही. २०१६ मध्ये विशाल कलसारिया प्रकरणाने भाडेनियंत्रण कायद्याचे संरक्षण सरफेसीपुढे टिकते असे सांगितले, आणि त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन भाडेकरूला न्यायाधिकरणाचे दार उघडले. पुढे ११ सप्टेंबर २०१९ च्या बजरंग अग्रवाल निकालाने ते दार अर्धे लोटले: नोंदणीकृत करार नसेल, भाडे तोंडी ठरलेले असेल, तर ताबा मिळाल्यापासून एका वर्षापलीकडे हक्क सांगता येणार नाही. महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, व ती जबाबदारी घरमालकाची आहे. आता रिसोडच्या किंवा मंगरूळपीरच्या बाजारपेठेत मागच्या दोन खोल्या ओळखीवर, तोंडी बोलीवर देण्याची रीत लक्षात घेतली, की या निकालाचा भार कोणावर पडतो ते दिसते. नोंदणी टाळली मालकाने, कर्ज थकवले मालकाने, आणि पुरावा नाही म्हणून उघड्यावर आला भाडेकरू. न्यायालयाची अडचणही खरी होती: ताबा टळावा म्हणून मागची तारीख टाकून उभे केलेले खोटे भाडेकरू हा बँकांचा नेहमीचा अनुभव आहे. पण खोटा भाडेकरू ओळखण्याचा उपाय त्याला बोलावून विचारणे हा आहे. न सांगणे हा नव्हे.

घरातल्या बाईची स्थिती याहून अवघड आहे. स्मृतीने तिला पतीच्या देण्यातून वगळले होते. आज अनेक बँका पत्नीची सही सहकर्जदार म्हणून घेतात, आणि त्यामुळे तिला निदान नोटीस मिळते. सही नसेल तर ती कागदोपत्री कोणीच नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने सामायिक घरात राहण्याचा तिचा हक्क मालकीवाचूनही मान्य केला, पण तो घरच्यांविरुद्ध. म्हणजे ज्या स्त्रीला शास्त्राने कर्जापासून दूर ठेवले तिला आता सूचना हवी असेल तर आधी कर्जात उतरावे लागते.

इतर धर्मपरंपरांनीही वसुलीला उंबऱ्यापाशी थांबवले आहे. जुन्या करारातील अनुवाद या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात धनकोला आज्ञा आहे की गहाण आणण्यासाठी ऋणकोच्या घरात शिरू नये. बाहेर उभे राहावे आणि त्यानेच वस्तू बाहेर आणून द्यावी. त्याच अध्यायात जाते किंवा त्याची वरची तळी गहाण घेण्यास मनाई आहे, कारण ते घरातल्या सगळ्यांचे पोट आहे. कुराणाच्या दुसऱ्या सूऱ्यात ऋणको अडचणीत असेल तर हात मोकळा होईपर्यंत सवड द्यावी, आणि सोडून दिले तर अधिक चांगले, असे सांगितले आहे. अंगुत्तर निकायातील इणसुत्तात गरिबाच्या दुःखांची साखळी येते: दारिद्र्य, कर्ज, व्याज, मग तगादा, मग पाठलाग, मग बंधन. तगाद्यालाच तिथे दुःखांत मोजले आहे ही गोष्ट सूचनेच्या कैवाऱ्यांनी ध्यानात घ्यावी. दारावर चिकटवलेला कागद घरच्यांआधी शेजारी वाचतात. सूचनेचे रूप चुकले तर ती कळवणे न राहता बदनामी होते.

मराठी मनात या विषयाचा सर्वांत मोठा दाखला तुकोबांचा आहे: आपल्या वाट्याची कर्जखते त्यांनी इंद्रायणीत बुडवली, अशी परंपरा सांगते. पण ती आपल्या वाट्याची होती. बँकेच्या अधिकाऱ्याच्या हातातली खते त्याची नाहीत. त्यामागे ठेवीदार आहेत, आणि सहकारी बँक असेल तर तेही याच मातीतले शेतकरी आणि शिक्षक. दुसऱ्याचे पैसे माफ करण्याचे औदार्य त्याला परवडणारे नाही, परवडू नयेही. त्याच्याकडे स्वतःचे असे देण्यासारखे एकच असते, ते म्हणजे वेळेवर आणि समजेल असे सांगणे. माफीचा धर्म संतांचा असेल. सूचनेचा धर्म कारकुनालाही पाळता येतो.

समजेल असे सांगणे यात भाषा आली. वृत्तपत्रातील एक सूचना स्थानिक भाषेत हवी असे नियम म्हणतो. हातात पडणारी मागणी नोटीस मराठीतच हवी असे तो म्हणत नाही. स्थानबद्धतेच्या कायद्यात न्यायालयाने १९६२ सालीच, हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात, कारणे कळवणे म्हणजे त्या माणसाला समजणाऱ्या भाषेत कळवणे असे ठरवले होते. देह अडकवताना जो नियम लागतो तो घर काढून घेताना का लागू नये, याला पटणारे उत्तर नाही.

वाशीमचे जुने नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ती राजधानी होती. थोरल्या शाखेतील प्रभावतीगुप्ता हिच्या पुणे ताम्रपटात एका गावाचे दान नोंदवताना राणी त्या गावच्या ब्राह्मण आदी कुटुंबीयांना आधी कुशल विचारते आणि मग आज्ञा कळवते. गावकऱ्यांची संमती कोणी मागितलेली नाही, आणि दानाने त्यांच्या डोक्यावरचा धनी बदललाच. तरीही धनी बदलतो आहे हे जे तिथे राहतात त्यांना उद्देशून सांगितले गेले. दान घेणाऱ्याला सांगून काम भागले असे मानले गेले नाही.

प्रत्येक रहिवाशाला ऐकायचे ठरवले तर वसुली कधीच होणार नाही, असा बँकांचा आक्षेप असतो, आणि दंडाधिकाऱ्याने वाद ऐकत बसू नये, त्याचे काम केवळ अंमलबजावणीचे आहे, असे सर्वोच्च न्यायालयानेही २०२२ मध्ये बाळकृष्ण तर्ले प्रकरणात म्हटले आहे. पण सूचना म्हणजे सुनावणी नव्हे. कलम १४ च्या अर्जासोबत बँकेच्या अधिकाऱ्याला नऊ मुद्द्यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते: कर्ज किती, तारण कोणते, थकबाकी कधीपासून, नोटीस दिली का, हरकतींना उत्तर दिले का, वगैरे. त्या घरात आज कोण राहते, हे नऊपैकी एकही मुद्दा विचारत नाही. दहावा मुद्दा घालायला नवा हक्क निर्माण करावा लागत नाही. कर्जदाराखेरीज घरात कोण आहेत, त्यांना मराठीत लेखी कळवले काय, कोणत्या तारखेला, आणि बाहेर पडायला किती दिवस दिले, एवढे त्यात लिहिले की दंडाधिकाऱ्याचे काम तपासण्याचेच राहते, आणि ताब्याच्या दिवशी पोलीस दारात येतात तेव्हा आतल्या म्हातारीला ते का आले हे ठाऊक असते.